तांब्याभर पाणी

प्रिय मिलिंद,

तीन दिवसांपूर्वी सुजाता वहिनींनी माझं डोकं फोडलं. पाच टाके पडलेत. डाव्या कानाच्या वरचे केस भादरलेत, त्यामुळे मी सध्या दरोडेखोर दिसतो. तू असतास तर म्हणाला असतास, "काळूशेठ, इतक्या वर्षांनी चेहरा आणि नाव जुळलं."

उद्या खंडेनवमी आहे. सकाळी कंपनीत, काम बंद असलं तरी पूजेला जमणाऱ्या चाळीस माणसांसमोर उभं राहून मला एक गोष्ट सांगायची आहे. ती आधी तुला कळायला हवी. खरं म्हणजे गेल्या वर्षी, हॉस्पिटलमधल्या तिसऱ्या दिवशी, तू मला ती विचारली होतीस. मी खोटं बोललो. म्हणून आज हे पत्र.

दुपार आहे. आमच्या निघोज्यातल्या घरात कोणी नाही. भाड्याच्या खोल्यांमधली माणसं पहिल्या शिफ्टला गेलीत. समोर देव्हारा आहे आणि त्याच्या खाली, नेहमीच्या जागी, तांब्या नाही. तो आता कुठे आहे ते पुढे सांगतो.

तुला आपली पहिली भेट आठवते? चिंचवडची ती गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी. तू प्लेटिंगच्या लॅबमध्ये, मी फिटर. तू विचारलंस, "गाव कुठलं?" मी म्हणालो, "निघोजे." "म्हणजे जमीनवाले. मग पाना कशाला फिरवता राव?" मी म्हणालो, "जमिनीवर आता कंपनी हाय. अन् कंपनीत जमीनवाल्याला पाना हाय." तू इतका हसलास की हातातली काचेची नळी फुटली आणि साहेबांनी दोघांनाही झापलं. वीस वर्षं त्या हसण्यावर आपण काढली.

वडिलांबद्दल मात्र तू एकदाच बोललास. ते तीन पाळ्यांत राबलेले, छातीनं गेलेले. दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या फुकट मिळायच्या, पण मिळतील तेव्हा. "पुढच्या आठवड्यात या," असं तीन वेळा सांगितलं. मग गोळ्या आल्या, मग पुन्हा संपल्या. आजार अर्धवट मारला की तो चवताळून उठतो, असं तू म्हणालास. शेवटच्या सकाळी रक्ताची गुळणी भिंतीवर गेली. संत तुकाराम नगरातल्या त्या घराच्या भिंतीला तुझ्या आईनं चार वेळा चुना दिला आणि चारही वेळा डाग वर आला.

"काळू," तू म्हणालास, "आपल्या चाकणात गाडीचा एकूण एक तुकडा बनतो. क्षयाच्या गोळीतली पूड मात्र बोटीनं येते. तिकडे बोट अडली की इकडे माणसाची छाती अडते. हे काय आहे सांग बरं?"

मला सांगता आलं नव्हतं. मॅडमना आलं. आपल्या मालकीणबाई, स्वतः रसायनशास्त्र शिकलेल्या. ती पूड इथेच बनवायची म्हणून त्यांनी चाकणला एक शेड घेतली, आणि तू चांगली नोकरी सोडून त्यांच्याकडे गेलास. वर्षभरानं मला फोन केलास. "नळ्या वाकवणारा माणूस पाहिजे. बाकीचे वाकवतात, तू विचार करून वाकवतोस." मिलिंद, ते वाक्य मी आता आठवलं की मला पाना घेऊन स्वतःची बोटं ठेचावीशी वाटतात.

तिथे गेल्यावर तू मला त्या रसायनाची ओळख करून दिलीस. त्याचं खरं नाव मला आजही नीट घेता येत नाही. आपण सगळे त्याला जावईबापू म्हणायचो. एरवी शांत, पण पाण्याचा थेंब अंगावर पडला की असा खवळणार की घर सोडून पळावं. पूड बनवायला तो हवाच होता. म्हणून तो ज्या छोट्या टाकीत भरायचा ती आतून ठणठणीत कोरडी ठेवायची, हा आपला पहिला नियम.

कोरडी आहे की नाही हे बघायची तुझी रीतही मला आवडायची. तू मोरचूद भाजून आणायचास. "तुमच्या बागायतदारांचंच औषध," म्हणायचास. निळं मोरचूद तव्यावर भाजलं की पांढरं पडतं, आणि ओल लागली की पुन्हा निळं होतं. लांब सळईच्या टोकाला ती पांढरी चिमूट लावून तू टाकीच्या आत खालपर्यंत फिरवायचास आणि बाहेर काढून उजेडात धरायचास. पांढरी राहिली की टाकी बंद, तारेचं सील, त्यावर शिशाची गोळी, आणि कागदाची चिठ्ठी: "कोरडं. तपासलं." खाली तुझी सही. सील शाबूत तर पुन्हा तपासायचं नाही, असा नियम मॅडमनी लिहून भिंतीला लावला होता.

गेल्या वर्षी अष्टमीला तू हे सगळं केलंस. मी बाजूला उभा होतो. चिमूट पांढरीशुभ्र होती. हे आधी लिहून ठेवतो, कारण सगळ्या वर्षात हेच कोणी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दसऱ्याच्या मुहूर्तावर पहिली बॅच काढायची असं ठरलं होतं. मी पहाटे आमच्या घाटावर जाऊन इंद्रायणीचं पाणी तांब्यात भरून आणलं. आजोबांचा तांब्या, पितळी, जड बुडाचा. औतं, कोयते, विळे, सगळ्यांना आजोबा त्याच तांब्यातलं पाणी घालायचे. पुढे चिंचवडच्या कंपनीत मी पंधरा खंडेनवम्या प्रेसच्या तोंडात पाणी घालून, आतून धुऊन, मग हार घातला. यंत्र आतून न धुता हार घालणं म्हणजे देवाला पारोसाच ठेवून नैवेद्य दाखवणं. असं मला वाटायचं.

तू म्हणालास, "काळू, बाहेरून काय करायचं ते कर. हळद, कुंकू, हार. आत काही नाही."

मी म्हणालो, "व्हय रं बाबा, म्हाईत हाय."

तू कधी हात जोडायचा नाहीस. पण पूजेच्या वेळी ताट तूच धरलंस. "हात जोडणार नाही, पण तुझे हात मोकळे राहावेत म्हणून ताट धरतो," म्हणालास. आरती झाल्यावर माझ्या कानात पुटपुटलास, "तुझ्या देवाला सांग, बॅच पास कर. मी त्याला शंभर टक्के हजेरी लावून देतो." मग तुला फोन आला आणि तू ऑफिसात गेलास. बाकीचे पेढे खायला गेले.

मी एकटा राहिलो. तांब्यात पाणी होतं. टाकीला हार होता. आणि माझ्या मनात आलं, हिचं हे पहिलं काम. उद्या हिच्यातून जे निघेल ते कुणाच्या तरी छातीत जाणार. हिला अभिषेक नको?

मिलिंद, मी सील कापलं. वरचं झाकण उघडलं. मनातल्या मनात नाव घेतलं आणि सगळा तांब्या आत ओतला. मग खालचा कॉक उघडला, पाणी बादलीत पडल्याचा आवाज ऐकला, थेंब थांबेपर्यंत उभा राहिलो. फडक्यानं तोंड पुसलं. झाकण बसवलं. तार बदलली, शिशाची नवी गोळी पकडीनं दाबली, पक्कड माझ्याच पेटीत असते. तुझी चिठ्ठी जशी होती तशी अडकवली. दहा मिनिटं लागली असतील. तू रागावशील म्हणून मी ते लपवलं. दुसरं काही कारण नव्हतं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंसं कारण.

खाली गेलेलं पाणी गेलं. कॉकच्या आधी नळीला एक बाक आहे, त्यात राहायचं ते राहिलं. तो बाक कोणी वाकवलाय? विचार करून?

दसऱ्याच्या सकाळी तू पांढरा शर्ट घालून आलास. धम्मचक्र प्रवर्तन दिन. दुपारी वहिनींना आणि लेकीला, अस्मिताला घेऊन विहारात जायचं होतं, पांढऱ्या साड्या नेसून त्या घरी तयार होत्या. तू शर्टावरच कामाचा सूट चढवलास. मी आपट्याचं पान दिलं, ते तू खिशात घातलंस. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," तू माझ्या आवाजाची नक्कल करत म्हणालास. टाकीपाशी चढून सील पाहिलंस, बोटानं गोळी चाचपलीस आणि मान हलवलीस. मी शिडीच्या पायथ्याशी होतो. त्या क्षणी एक शब्द बोललो असतो तर? मला वाटलं होतं पाणी निघून गेलंय. देवाशपथ वाटलं होतं. पण वाटणं आणि मोरचूद यात फरक आहे, हे तूच शिकवलं होतंस ना?

तू जावईबापूंच्या पिंपाचा कॉक उघडलास. ते टाकीत उतरू लागले.

आधी टाकी कण्हली. मग हादरली. झाकणाचा एक बोल्ट तुटून माझ्या डोक्यावरून गेला आणि भिंतीत घुसला. पुढच्या क्षणी झाकणच उडालं, छताचा पत्रा फाडून वर गेलं, आणि टाकीच्या तोंडातून पांढरा लोट असा सुटला की शेडमध्ये दिवस राहिला नाही. त्या लोटात तू होतास. तुझ्या तोंडावरची काच तडकून आत गेली होती. मी शिडी चढलो. माझा श्वास घशातच जळत होता. तू पिंपाच्या कॉकवर पालथा पडून तो बंद करत होतास, कारण मागे आणखी चार पिंपं होती आणि शेडमध्ये सोळा माणसं. मी तुझा सूट धरून ओढला. तू वळलास. डोळे मिटलेले, गालावरून रक्त आणि आम्ल एकत्र वाहतंय. आणि तू माझ्या छातीवर लाथ घातलीस.

मी पाच पायऱ्या खाली आपटलो. बरगडी मोडली. त्या लाथेनं मी वाचलो. इतकी जोरात मारायची काय गरज होती रे? मी तिथेच राहिलो असतो तर काय बिघडलं असतं?

कॉक बंद करूनच तू खाली आलास. हातमोजे काढलेस तेव्हा त्यांच्याबरोबर कातडी आली. आम्ही तुला पाण्याखाली धरलं, तो मोठा फवारा, नियमाप्रमाणे, वीस मिनिटं. तू ओरडला नाहीस. दात इतके आवळलेस की एक तुटला, तो पाण्याबरोबर माझ्या पायाशी आला. पांढऱ्या शर्टाच्या चिंध्या छातीला चिकटल्या होत्या. खिशातलं आपट्याचं पान काळं झालं होतं.

पिंपरीच्या हॉस्पिटलात तू तीन दिवस होतास. वरच्या जखमा भरतील, डॉक्टर म्हणाले, पण वाफ छातीत गेली आहे. तुझ्या वडिलांसारखीच तुझी छाती. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी औषध आणायला खाली गेल्या. तू डोळ्यांनी मला जवळ बोलावलंस. आवाज खरवडून येत होता.

"काळू, पाणी कुठनं आलं रे?"

मी म्हणालो, "काय म्हाईत."

तू डोळे छताकडे वळवलेस. मग म्हणालास, "मग माझंच चुकलं असेल."

तुझं ते शेवटचं बोलणं. संध्याकाळी तू गेलास. कोजागिरीला दोन दिवस होते.

दुसऱ्या दिवशी तुमच्या भागातली माणसं कंपनीच्या गेटवर आली. दगड सुटले, केबिनच्या काचा फुटल्या, वॉचमनचं नाक फुटलं. मी आत गेटजवळ उभा होतो, बरगडीला पट्टा बांधून. एक दगड खांद्यावर बसला. मला वाटलं, अजून मारा. नेम नीट धरा. पण गर्दीतलाच एक जण ओरडला, "अरे त्याला नका मारू, तो मिलिंदभाऊचा माणूस आहे." आणि दगड थांबले. दगड थांबल्याचं इतकं दुःख कुणाला झालं असेल?

महिन्याभरानं आमच्या चहाच्या टपरीवर माझा चुलतभाऊ गणपत बसला होता. मला बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, "पूजंला हात न जोडनाऱ्याच्या हातात पयलं काम दिलं. मग देवी सोडल व्हय?" कढईतला भज्यांचा झारा माझ्या हाताशी होता. पहिला फटका तोंडावर. दोन दात पडले. दुसरा, तिसरा मोजले नाहीत. चार जणांनी मला मागून धरलं तेव्हा मी त्याच्या छातीवर बसलो होतो आणि झाऱ्याचं तेल त्याच्या गळ्यावर ठिबकत होतं. तो रक्त थुंकत म्हणाला, "काळूदा, तुला येवढं का झोंबलं?"

बरोबर विचारलं त्यानं. देवीला मध्ये आणणारा तो पहिला नव्हता. तांब्या घेऊन मीच आधी गेलो होतो. मी गणपतला मारत नव्हतो. पण गावभर झालं, मित्रासाठी काळूरामनं सख्ख्या चुलतभावाला झोडपलं. तुमच्याकडेही कळलं. वहिनींनी खिरीचा डबा पाठवला. निरोप होता, "तुमच्यासारखा भाऊ असल्यावर आम्ही एकटे नाही." ती खीर मी खाल्ली, मिलिंद. टाकून देता आली नाही. डबा घासून परत पाठवला.

तू विचारशील, वर्षभर गप्प का बसलास? मी स्वतःला एक कारण देत होतो. खरं बाहेर आलं तर कंपनीला कायमचं कुलूप लागेल, मग पूड कोण बनवणार? गोळ्या कशा मिळणार? तुझं स्वप्न वाचवण्यासाठीच मी गप्प आहे, असं मी देवापुढे बसून म्हणायचो. तुझं स्वप्न मी ढालीसारखं पुढे धरलं होतं. कुलूप तर माझ्या गप्प बसण्यानंही लागलेलंच होतं, चौकशी संपेपर्यंत. आमच्या एका खोलीत लातूरकडची बाई राहते, तिला क्षय आहे. उन्हाळ्यात दवाखान्यातून रिकाम्या हातानं आली आणि ओट्यावर टेकली. "मामा, गोळ्या न्हाईत म्हनले. पुढच्या आठवड्यात या म्हनले." तुझ्या वडिलांना सांगितलेलंच वाक्य. मी तिला पाणी दिलं. मला एवढंच देता येतं.

मग सरकारी चौकशीचा कागद आला. त्यात लिहिलं होतं की मृत कर्मचाऱ्यानं टाकी नीट न सुकवता, न तपासता सही केली.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "भाऊ, जरा येऊन जा. अस्मिता कॉलेजला जायचं नाही म्हणते." तुझी अस्मिता, औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. का जायचं नाही, विचारलं. तर ती म्हणाली होती, "जिच्या बापानं न बघता सही केली, तिच्या सहीचं औषध कोण घेईल?" वहिनी म्हणाल्या, "तुम्ही समजवा. तुमचं ऐकेल ती."

मी तांब्या फडक्यात गुंडाळला आणि संत तुकाराम नगरला गेलो.

त्या दोघी समोर बसल्या. वहिनींनी चहा ठेवला. मी तांब्या जमिनीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. सील, पाणी, बाक, चिठ्ठी. तू हॉस्पिटलात विचारलेला प्रश्न. मी दिलेलं उत्तर. त्यावर तू काय म्हणालास तेही. चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी कोणी उठलं नाही.

वहिनींनी विचारलं, "तांब्या हाच?"

"व्हय."

त्यांनी तो उचलला. हातात तोलला. मला वाटलं बघतायत. मग जड बूड माझ्या कानशिलाच्या वर बसलं. मी आडवा झालो. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा पाठीत, मोडून सांधलेल्या बरगडीवर. मी हात मध्ये घातला नाही. इतकी वर्षं मला भाऊ, तुम्ही, अहो म्हणणारी ती बाई पहिल्यांदा तू म्हणाली. "तीन दिवस होते ते! तीन दिवस! तोंडाशी कान नेऊन बसत होतास ना? तेव्हा का नाही बोललास? स्वतःला दोष देऊन मेला माझा माणूस. तुझ्यापायी!"

अस्मितानं त्यांना मागून मिठी मारून धरलं. फरशीवर रक्त पसरत होतं, चहाच्या पातेल्यापर्यंत. मग अस्मिता माझ्याजवळ बसली, टॉवेल दाबून धरला. दाब बरोबर होता. तुझी मुलगी. ती म्हणाली, "काका, हे लिहून द्या. बाबांची सही खरी होती, एवढं आधी लिहा. बाकी तुम्हाला काय लिहायचंय ते नंतर."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" माझ्या तोंडातून निघालं, "तांब्या पडला..." आणि मी थांबलो. वर्षभरानं पुन्हा तेच? मी म्हणालो, "मारलं. मारायलाच पायजे हुतं. पर तक्रार न्हाई." तरी त्यांनी कागदावर लिहून घेतलं.

तांब्या वहिनींकडेच आहे. मागायची हिंमत नाही, आणि हक्कही नाही.

काल मी जबाब लिहून दिला. पहिल्या ओळीत तुझी सही, अस्मितानं सांगितलं तसं. कारखाने तपासणाऱ्या सरकारी साहेबांनी तो दोनदा वाचला, म्हणाले, "गुन्हा दाखल होऊ शकतो, कल्पना आहे ना?" मी म्हणालो, आहे. तुझ्यावरचा ठपका ते फेरतपासणीत बघणार आहेत. मॅडमना सांगायला गेलो तेव्हा वाटलं, त्याही काहीतरी फेकून मारतील. त्यांनी भिंतीवरच्या त्या नियमाकडे पाहिलं. मग उठल्या, कागद टराटरा फाडला. "सील बघून पुढे जा, हे मी लिहिलं होतं. मिलिंद म्हणाला होता, भरायच्या आधी एकदा पुन्हा बघू द्या. मी म्हणाले, वेळ जातो."

तू हे मला कधी सांगितलं नव्हतंस. शेवटी तरी सांगायचंस ना? "माझंच चुकलं असेल" म्हणून सगळं स्वतःवर घेऊन गेलास. तुझ्यावर माझा हा एक राग आहे आणि तो मी ठेवणार आहे.

मी मॅडमना विचारलं, "कंपनी सुरू हुईल का?" त्या म्हणाल्या, "परवानगी मिळेल तेव्हा होईल. आता मुहूर्त नको. टाकी कोरडी असेल तो दिवस चांगला."

देवावर माझा राग नाही. मी रोज बसतो, नाव घेतो. पण एक गोष्ट आता कळते. देवानं पाणी मागितलं नव्हतं. ती माझी हौस होती, माझ्या हातून काहीतरी मोठं व्हावं ही. तू ताट धरून उभा होतास, काही न मागता. आपल्या दोघांत पूजा कोणी केली?

आता वचन, मिलिंद. उद्या सकाळी टाकीसमोर उभा राहून सगळ्यांना सांगेन, एक शब्दही न गाळता. कोणी अंगावर आलं तर हात मध्ये घालणार नाही. तो बाक मी कापून काढणार आहे, नळी सरळ करणार आहे. पोलिसांनी नेलं तर त्याआधी, सोडलं तर त्यानंतर, पण माझ्याच हातानं. आणि सकाळीच मी तव्यावर मोरचूद भाजलंय. इथून नेईन त्या पूजेच्या ताटात उद्या हळद असेल, कुंकू असेल, पाणी नसेल. त्याच्या जागी ती पांढरी चिमूट असेल. सळईला लावून ती आत जाईल, बाहेर येईल, आणि चाळीस माणसं ती उजेडात बघतील. पांढरी राहिली तरच नारळ फुटेल. निळी झाली तर सगळे घरी जातील आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतील. मी कंपनीत असेन तोवर हेच, आणि नसेन तेव्हा करणाऱ्याला शिकवून जाईन.

ताट मात्र कोणी धरायचं ते मला माहीत नव्हतं. मघाशी अस्मिताचा फोन आला. फक्त एवढंच म्हणाली, "काका, उद्या किती वाजता?"

तुझा,
काळूराम
निघोजे, अष्टमी